शिकणाऱ्याची शिदोरी

सोमवारी सकाळी लांजा, राजापूर, संगमेश्वर, गुहागर या बाजूंनी एस. टी. च्या गाड्या रत्नागिरीला येतात. गाड्या भरलेल्या असतात. त्यांत शिकणारी मुले-मुली पुष्कळ. कोणी गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात जातो. कोणी सरकारी तंत्रनिकेतनात, कोणी आय. टी. आय. मध्ये, कोणी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात. ज्यांचे गाव जवळ, ती संध्याकाळी घरी परततात. ज्यांचे गाव लांब, ती वसतिगृहात राहतात. वसतिगृहात जागा नसली, तर तिघे-चौघे मिळून भाड्याची खोली घेतात.

घरचे लोक काटकसर करून पैसे पाठवतात. फी भरतात. भाडे भरतात. वह्या-पुस्तके घेतात. एवढे झाले की हातात थोडेच उरते. त्या थोड्यात महिनाभर जेवायचे असते.

रात्री आई फोनवर विचारते, "जेवलीस काय गो?"

मुलगी म्हणते, "जेवले गो आये."

आईला बरे वाटते. पण मुलगी काय जेवली? सकाळी चहा. दुपारी एक वडापाव. रात्री पुन्हा चहा आणि दोन बिस्किटे. ती खोटे का बोलते? घरी पैशाची ओढ आहे, हे तिला ठाऊक असते. आईला घोर नको, म्हणून ती पोट मारते आणि "जेवले" म्हणते.

म्हणून आता नुसते "जेवलीस का" असे विचारून भागायचे नाही. "काय जेवलीस?" असे विचारायचे. आणि ती काय जेवेल, याची तजवीज गावातूनच करायची. ती कशी करावी, हे या पाठात सांगितले आहे. त्याला फार पैसा लागत नाही. थोडी माहिती लागते.

मागची माणसे कशी शिकली

गरिबाच्या मुलाने अर्धपोटी शिकायचे, हे आपल्याकडे जुनेच आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे धरायची. कोणी माधुकरी मागत. हा आधारसुद्धा सगळ्या जातींच्या मुलांना मिळत नसे. बहुतेकांना तो बंदच होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे. ते आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. बाबासाहेब १९२० साली पुन्हा शिकायला लंडनला गेले. पैसा अगदी बेताचा होता. सकाळी राहत्या घरी थोडासा नाश्ता मिळे. मग दिवसभर ग्रंथालयात बसून वाचन. रात्री भूक अनावर झाली, की भाजलेले चार पापड आणि पेलाभर दूध, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अशा स्थितीत अभ्यास करून १९२३ साली त्यांनी लंडनची मोठी पदवी मिळवली.

साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. तेही शिकण्यासाठी घर सोडून लांब औंधला गेले. तेथे हाताने रांधून खावे लागे. पुष्कळदा पोटभर मिळत नसे.

या गोष्टी ऐकून कोणी म्हणतो, "बघा, थोर माणसे उपाशी राहून शिकली. आपल्या पोराला काय झालंय?"

असे म्हणणे बरोबर नाही. ती माणसे भुकेमुळे मोठी झाली नाहीत. भूक असूनही मोठी झाली. त्यांच्यासारखी कितीतरी मुले त्या काळी भुकेने थकली, आजारी पडली आणि शाळा सोडून घरी परतली. त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे ओळखले होते. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीला बसून जेवत. एकदा मुलांना जेवायला घालायला पैसा उरला नाही. तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रसुद्धा दिले. मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या पोटात अन्न पडले पाहिजे, हे त्या माउलीला कळले होते.

शरीर म्हणजे एक घर

आता असे पाहा. आपण कोकणात घर बांधतो. त्याला काय काय लागते? भिंतीला जांभ्याचे चिरे लागतात. छपराला कौले लागतात. आणि घरात चूल पेटायला लाकूड लागते. तिन्ही हवीत. नुसत्या लाकडांनी घर उभे राहत नाही.

शरीराचेही तसेच आहे.

पहिले, चुलीतले लाकूड. चालणे, बोलणे, वाचणे या सगळ्याला शक्ती लागते. ती भात, भाकरी, पोहे, गूळ, तेल यांतून मिळते.

दुसरे, भिंतीचे चिरे. मांस, रक्त, हाडे यांची बांधणी व डागडुजी रोज चालू असते. त्याला प्रथिने लागतात. कुळीथ, मूग, मटकी, तूरडाळ, शेंगदाणे, मासळी, अंडी, दूध यांत ती असतात. हाडांना चुनाही लागतो. त्याला कॅल्शियम म्हणतात.

तिसरे, छपराची कौले. रोगापासून राखण करायला जीवनसत्त्वे आणि लोह लागते. ती पालेभाज्या, फळभाज्या आणि फळे यांतून मिळतात. लोह कडधान्यांतूनही मिळते.

वडापाव आणि चहा यांत काय आहे? लाकूड आहे. थोडा वेळ चूल पेटते. चिरे फार थोडे आहेत. कौले तर जवळजवळ नाहीतच. एक दिवस वडापाव खाल्ला तर काही बिघडत नाही. पण वर्षभर त्यावरच राहिले, तर घर आतून पोकळ होते. मूल पुस्तक घेऊन बसते. अक्षरे डोळ्यांपुढे असतात, पण डोक्यात शिरत नाहीत. आपण म्हणतो, "पोरगा आळशी झाला." तो आळशी नसेलही. त्याला भूक लागलेली असेल.

मुलींकडे अधिक लक्ष हवे

अंगात लोह कमी पडले, की रक्त फिके होते. त्याला पंडुरोग किंवा रक्तक्षय म्हणतात. चढ चढताना धाप लागते. चक्कर येते. पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसते. कशात मन लागत नाही.

२०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघर आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर बायकांत ५४ जणींचे रक्त कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून जास्त.

मुलीला दर महिन्याला पाळी येते. त्यात रक्त जाते. ते भरून काढायला तिला मुलापेक्षा अधिक लोह लागते. आणि आपल्या घरांत काय होते? मासळीचा मोठा तुकडा मुलाला आणि मुलीला नुसते कालवण. पोरगी शहरात गेली तरी तीच सवय तिच्याबरोबर जाते. ती सगळ्यांच्या शेवटी आणि सगळ्यांत थोडे खाते. ही रीत आता सोडून द्यायला हवी. मुलाच्या पिशवीत जेवढे भराल, तेवढेच मुलीच्याही पिशवीत भरा.

मुलीला थकवा वाटत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तेथे फुकट मिळतात. डॉक्टर सांगतील तशा त्या घ्याव्यात.

आपल्या गावात काय पिकते

पुष्कळांना वाटते, पौष्टिक म्हणजे महाग. डब्यातली पूड, बदाम, सफरचंद. गरिबाला ते कुठले परवडायला?

तसे नाही. आपल्या वरकस जमिनीवर जे पिकते, परसात जे उगवते आणि बंदरावर जे वाळते, त्यातच हे सगळे आहे.

नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात ते दहाच्या आसपास असते. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे १२० असते. जिला आपण गरिबाचे धान्य म्हणून मागे टाकले, ती नाचणी अशी आहे. २०२३ हे साल साऱ्या जगाने भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, त्यात आपली नाचणीही होती. नाचणी भिजवून मोड आणून दळली, किंवा पीठ आंबवून त्याची आंबील केली, तर ती अंगी अधिक लागते.

कुळीथ. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. लोहही चांगले असते. कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते. भाताबरोबर खा, भाकरीबरोबर खा. तांदळाच्या प्रथिनांत जे उणे असते, ते कडधान्यात असते. कडधान्यात जे उणे, ते तांदळात असते. म्हणून भात आणि पिठी, भात आणि वरण ही जोडी आपल्या वाडवडिलांनी चांगली जमवली आहे.

सुकी मासळी. सुकट, जवळा, बोंबील. वाळवल्यावर पाणी निघून जाते आणि सत्त्व उरते. सुक्या बोंबलात निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. सुकटीत कॅल्शियमही भरपूर असते. चिमूटभर, मूठभर पुरते. मात्र मीठ फार असते. म्हणून मीठ लावलेली मासळी दोन पाण्यांनी धुऊन घ्यावी.

शेवग्याचा पाला. पावसाळ्यात झाड पाल्याने भरून जाते. आपण शेंगा काढतो आणि पाला टाकतो. त्यात कॅल्शियम आहे, लोह आहे, डोळ्यांना लागणारे जीवनसत्त्वही आहे. पाला सावलीत वाळवून पूड केली, तर पिशवीतून नेता येते. पिठीत किंवा भाकरीच्या पिठात चमचाभर टाकावी.

उकडा तांदूळ. भात उकडून मग भरडला, की सालीतले काही सत्त्व दाण्यात उतरते. म्हणून उकडा तांदूळ पांढऱ्या शुभ्र तांदळापेक्षा बरा. त्याची पेज करा. पेजेचे पाणी फेकू नका.

काजूची बोंडे, पेरू, आवळा. यांत 'क' जीवनसत्त्व खूप असते. लोह अंगात मुरायला ते मदत करते. मार्च-एप्रिलात आपण बी काढून घेतो आणि बोंडे झाडाखाली कुजत पडतात. तेच परीक्षेचे दिवस असतात. बोंड मिठाच्या पाण्यात बुडवून खाल्ले, की घशाला खवखवत नाही.

आता पैशाचा हिशेब

तुम्ही आता लिहा-वाचायला शिकलात. हिशेबही शिकलात. तर पाटी घ्या. खाली दिलेले भाव समजा म्हणून धरले आहेत. तुमच्या दुकानातले भाव घालून पुन्हा हिशेब करा.

दहा रुपयांत प्रथिने किती मिळतात, ते पाहू.

कुळीथ किलोला १०० रुपये धरले, तर दहा रुपयांत १०० ग्रॅम मिळतात. प्रथिने २२ ग्रॅम.

शेंगदाणे किलोला १४० रुपये धरले, तर दहा रुपयांत ७० ग्रॅम येतात. प्रथिने सुमारे १८ ग्रॅम.

सुकट किलोला ४०० रुपये धरली, तर दहा रुपयांत २५ ग्रॅम येते. प्रथिने सुमारे १५ ग्रॅम.

अंडे ७ रुपयांना धरले, तर दहा रुपयांत दीड अंडेही येत नाही. प्रथिने सुमारे ९ ग्रॅम.

दूध लिटरला ६० रुपये धरले, तर दहा रुपयांत दीडशे मिलिलिटरच्या वर थोडे. प्रथिने सुमारे ५ ग्रॅम.

दहा रुपयांचे बटाट्याच्या चकत्यांचे पुडके घेतले, तर प्रथिने जेमतेम २ ग्रॅम. बाकी तेल, मीठ आणि हवा.

बघितलंत? आपला कुळीथ सगळ्यांच्या पुढे आहे.

पण म्हणून नुसते कुळीथच खायचे असे नाही. अंडी, मासळी आणि दूध यांत 'ब-१२' नावाचे जीवनसत्त्व असते. ते धान्यात व कडधान्यांत मिळत नाही. जे मासळी-अंडी खात नाहीत, त्यांनी रोज थोडे दूध, दही किंवा ताक घेतलेच पाहिजे.

पिशवीत काय भरावे

तरण्या मुलीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. मुलाला सुमारे ५४ ग्रॅम. आता एका दिवसाचे कच्चे धान्य मांडू.

तांदूळ २०० ग्रॅम, नाचणी १०० ग्रॅम, कुळीथ-मूग-डाळ मिळून ७५ ग्रॅम, शेंगदाणे ३० ग्रॅम, सुकट १० ग्रॅम. यांतून ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. मुलीचे भागले. मुलाला थोडा तांदूळ वाढवा आणि एक अंडे द्या. त्याचेही भागते.

ज्यांच्याकडे सुकट चालत नाही, त्यांनी डाळ थोडी वाढवावी आणि ताक घ्यावे.

आता महिन्याचे गणित. दिवस ३० धरू.

तांदूळ ६ किलो, ५० रुपयांनी ३०० रुपये.
नाचणी ३ किलो, ५० रुपयांनी १५० रुपये.
कडधान्ये आणि डाळ सव्वादोन किलो, १०० रुपयांनी २२५ रुपये.
शेंगदाणे १ किलो, १४० रुपये.
सुकट ३०० ग्रॅम, १२० रुपये.
तेल, गूळ, मीठ, मसाला मिळून १६५ रुपये.

एकूण ११०० रुपये. दिवसाला ३७ रुपयांच्या आत. हिरवी भाजी, अंडे, लिंबू आणि गॅस यांना रोज आणखी वीस-पंचवीस रुपये धरा. म्हणजे साठ-बासष्ट रुपयांत दिवसभराचे पोटभर जेवण होते.

आणि बाहेर काय होते? वडापाव १५ रुपयांना आणि चहा १० रुपयांना धरा. दोन वडापाव आणि दोन चहा यांचे ५० रुपये झाले. पोट मात्र रिकामेच.

यात आणखी एक गोष्ट आहे. हे सगळे काही विकत घ्यायचे नाही. तांदूळ, नाचणी, कुळीथ घरचे असतील, तर खर्च आणखी खाली येतो. शिवाय मुलाचे नाव तुमच्या शिधापत्रिकेवर आहे ना? प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. मूल रत्नागिरीला गेले म्हणून त्याचा वाटा बुडत नाही. तो त्याच्या पिशवीत घाला.

पिशवी भरताना एवढे सांभाळा. नाचणीचे आणि कुळथाचे पीठ महिनाभरापुरतेच दळा. कोकणची हवा दमट. पीठ ओलसर झाले, की बुरशी येते. डबे कोरडे आणि घट्ट झाकणाचे हवेत. सुकट कडक वाळलेली असावी. ती वेगळ्या डब्यात द्यावी, नाहीतर सगळ्या पिशवीला वास लागतो. बुरशी आलेले धान्य किंवा दाणे धुऊन खाऊ नयेत. टाकून द्यावेत. त्यात विष असते.

खोलीवरचा स्वयंपाक

पुष्कळ आया म्हणतात, "पोरगी करील हो, पण पोरग्याला कुठं येतंय रांधायला?"

येत नसेल तर शिकवा. ज्याला गणित सोडवता येते, त्याला भात शिजवता येतोच. बारावीची सुट्टी हा त्याचा वर्ग समजा. पाच गोष्टी शिकवल्या तरी पुरे. भात, वरण, पिठी, घावन आणि एक पालेभाजी. एक छोटा कुकर, एक तवा, एक पातेले आणि एक शेगडी, एवढी भांडी बस होतात.

सकाळी नाचणीची आंबील किंवा उकड्या तांदळाची पेज घ्यावी. बरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. याला पंधरा मिनिटे लागतात. सकाळी उपाशी पोटी वर्गात बसू नये.

दुपारी डबा. नाचणीच्या पिठात थोडे तांदळाचे पीठ आणि मीठ घालून तव्यावर घावन काढावे. भाकरी थापता आली नाही तरी घावन जमते. बरोबर मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ. वर लिंबू पिळावे. एखादे दिवशी उकडलेले अंडे न्यावे.

रात्री कुकर. खालच्या भांड्यात भात, वरच्या भांड्यात डाळ. डाळीतच मूठभर पालेभाजी चिरून टाकावी. एका शेगडीवर एकाच वेळी तिन्ही कामे होतात. एका रात्री कुळथाची पिठी, दुसऱ्या रात्री सुकटीचे कालवण. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, अळू गावाहून आणता येतो. पण पाला ओळखीचाच असावा. फणसाच्या आठळ्या असल्या तर उकडून उसळीत टाकाव्यात.

रत्नागिरीत मिरकरवाड्याचे मोठे बंदर आहे. तारली, बांगडा यांचा हंगाम असला, की ही मासळी स्वस्त होते. सुरमई-पापलेटाच्या वाटेला जायला नको. अंगाला तारलीही तेवढीच चांगली. पावसाळ्यात समुद्रातली मोठी मासेमारी बंद असते. तेव्हा सुकट कामाला येते.

चार गोष्टी पाळाव्यात. जेवणाच्या वेळी चहा घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही. मध्ये तासभर जाऊ द्यावा. सकाळचा भात उघडा ठेवून रात्री खाऊ नये. प्यायचे पाणी गाळून, उकळून घ्यावे. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर जाते.

चौघांची एक चूल

एकट्याने रांधायचा कंटाळा येतो. एकट्याला गॅसही महाग पडतो. चौघे एका खोलीत राहत असतील, तर चूल एकच करावी. एकाच्या घरी तांदूळ जास्त, दुसऱ्याच्या घरी कुळीथ. तिसऱ्याचे घर बंदराजवळ, त्याने सुकट आणावी. चौथ्याने नारळ आणि कोकम. आणलेला जिन्नस वहीत मांडावा. कोणी कमी आणले, कोणी जास्त आणले, याचा हिशेब शनिवारी करावा. पाळ्या लावाव्यात. एकाने रांधले, तर दुसऱ्याने भांडी घासावीत.

साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांनी असेच केले. एका चुलीवर जेवली, एकमेकांना धरून शिकली. कोणाच्या जातीची, कोणाच्या धर्माची अडचण त्या पंगतीत आली नाही.

मदत कुठे मिळते

मदत मागण्यात कमीपणा नाही. सरकारने योजना केल्या आहेत. त्या आपल्यासाठीच आहेत.

मागासवर्गीय मुलांसाठी समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. तेथे राहणे आणि जेवण मोफत असते. अनुसूचित जातीच्या मुलाला तेथे जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पैसे मिळू शकतात. ही योजना २०१६-१७ साली सुरू झाली. तेव्हा रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावाला वर्षाला ४३ हजार रुपये ठरले. त्यांतले २५ हजार जेवणासाठी होते. वरचा हिशेब पाहा. महिन्याला दोन हजार येतात. नीट वापरले तर पुरतात.

अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणी झालेल्या मजुराच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. इतरही शिष्यवृत्त्या आहेत. काही महाविद्यालयांत 'कमवा आणि शिका' योजनेत काम मिळते. प्रवेश घेतानाच महाविद्यालयाच्या कचेरीत विचारा. अर्जाची मुदत चुकवू नका. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पुस्तक आधीच तयार ठेवा.

२६ जानेवारी २०२० रोजी राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. थाळीला दहा रुपये ठरले. त्यात चपाती, भाजी, वरण, भात असतो. जवळ केंद्र चालू असेल, तर अडीअडचणीच्या दिवशी तेथे जेवायला लाजू नये.

तुमचे काम

पुढच्या वेळी मूल घरी येईल, तेव्हा त्याच्याजवळ बसा. एक कागद घ्या. पिशवीत काय भरले, किती भरले, ते आपल्या हाताने लिहा. तो कागद पिशवीत ठेवा. महिन्याने मूल परत येईल. तेव्हा काय उरले, ते पाहा. कुळीथ तसाच उरला असेल, तर पोरगे रांधत नाही असे समजा. तांदूळ आधीच संपला असेल, तर पुढच्या वेळी जास्त द्या. रागावू नका. विचारा.

मुलाला सांगा, "पैसे कमी पडले तर लपवू नको. उपाशी राहू नको." हे शब्द त्याच्या कानांवर घरच्या माणसाकडून पडले पाहिजेत. एकदा पडले, की फोनवर तो खरे सांगेल.

लक्षात ठेवा

१. "जेवलास का" असे विचारू नका. "काय जेवलास" असे विचारा.
२. नाचणी, कुळीथ, सुकट, शेवग्याचा पाला हे स्वस्त आणि कसदार अन्न आहे.
३. मुलीच्या पिशवीत मुलाइतकेच भरा. तिचे रक्त तपासून घ्या.
४. मुलगा असो, मुलगी असो, दोघांनाही रांधायला शिकवा.
५. सकाळी उपाशी पोटी वर्गात जाऊ नये.
६. शिधापत्रिकेतला वाटा आणि शिष्यवृत्ती सोडू नका.

आपसांत बोला

१. तुमच्या गावातली किती मुले शहरात शिकायला आहेत? ती कोठे जेवतात?
२. तुमच्या दुकानात कुळीथ, शेंगदाणे, अंडी यांचे आजचे भाव काय आहेत? दहा रुपयांत किती प्रथिने येतात? पाटीवर हिशेब करा.
३. तुमच्या परसात कोणकोणता खाण्याजोगा पाला आहे? त्याची यादी लिहा.
४. एका महिन्याच्या पिशवीची यादी आपल्या हाताने लिहून वर्गात वाचून दाखवा.